कव्हरच्या मागच्या बाजूला

कामशेतला लोणावळा लोकल येते. भाजीच्या पाट्या आणि ओल्या छत्र्या यांच्यातून वाट काढा आणि डावीकडची खिडकी धरा. जुलै आहे. इंद्रायणी गढूळली आहे, खाचरांत भाताची आवणी चालली आहे, समोरचे डोंगर मधूनच दिसतात आणि मधूनच गायब होतात. मोबाइल बंद करून पिशवीच्या तळाशी टाका; जिथं निघालात तिथं त्याला रेंज नाही.

तुमचं तिकीट 1968 सालचं आहे. त्या वर्षी मुंबईत एक लाँग प्ले रेकॉर्ड झाली, 'राग-जॅझ स्टाइल'. कंपनी एचएमव्ही, संगीतकार शंकर-जयकिशन, सतारीवर रईस खान. सोबत ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, गिटार, बास आणि ड्रम असा जॅझचा सगळा सरंजाम. गायक नाही, सिनेमा नाही, पडद्यावर ओठ हलवायला नायिका नाही. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटं. ती रेकॉर्ड बनत असताना तुम्हाला त्या हॉलमध्ये कोपऱ्यात उभं राहायचं आहे.

पण थेट तिथं गेलात तर दिसेल सगळं आणि कळणार काहीच नाही. म्हणून वाटेत उतरत उतरत जायचं. पहिला थांबा अगदी जवळ आहे.

भाजे, सुमारे 2100 वर्षांपूर्वी

मळवलीला उतरता तेव्हा पायाखाली फलाट नसतो. रूळ नाहीत, एक्स्प्रेस-वे नाही. लोहगड आणि विसापूर यांचे डोंगर मात्र जागच्या जागी आहेत. खालून बैलांचा तांडा चालला आहे. घाटावरचा माल कोकणातल्या बंदरांकडे नेणारी ही वाट आहे. तुम्ही विसापूरच्या अंगानं चढायला लागता आणि पावसाच्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळतो. छिन्नीचा.

विहाराच्या ओसरीत एक कारागीर भिंतीवर काम करतो आहे. हत्तीवर बसलेली मोठी आकृती झाली आहे. आता तो तिच्या पायथ्याशी एक छोटं दृश्य काढतो आहे: एक बाई नाचते आहे आणि शेजारी बसलेली दुसरी बाई दोन्ही हातांनी जोडवाद्य वाजवते आहे. तुम्हाला ते तबल्यासारखं दिसतं. जाणकार त्याला पुष्कर म्हणतील. तिचे हात बघा. एक हात उचललेला आहे, म्हणजे ठोका अजून पडायचा आहे. ज्यानं वादकाचे हात जवळून पाहिले आहेत, त्यालाच असं काढता येतं.

आता तिचं नाव विचारा. कारागीर तुमच्याकडे नुसता बघतो. भाषा समजली असती तरी उत्तर मिळालं नसतं.

दीडेक शतक पुढं सरका आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या डोंगरावर कार्ल्याला या. इथलं चैत्यगृह पुरं होत आलं आहे आणि खांबांवर अक्षरं कोरली जात आहेत. अमुक खांब धेनुकाकट इथल्या अमुक यवनाचं दान. दर्शनी भागात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव. पैसे कुणी दिले, तो कुठल्या गावचा, सगळं दगडात पक्कं होतं आहे. एकाच खोऱ्यात समोरासमोर ही दोन लेणी आहेत. एकात वाजवणारी आहे आणि तिला नाव नाही. दुसऱ्यात नावं आहेत आणि ती पैसे देणाऱ्यांची. हे लक्षात ठेवा. दोन हजार वर्षांनी मुंबईत उपयोगी पडेल.

लोणावळा स्टेशन, 1936

आता रूळ आहेत आणि डोक्यावर विजेच्या ताराही आहेत. घाटातली रेल्वे 1863 साली सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळ गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मग उलट्या दिशेनं पुढचा उतार. 1929 साली विजेची इंजिनं आली आणि तो सोपस्कार संपला. डेक्कन क्वीन धावू लागून सहा वर्षं झाली आहेत. तुमची गाडी मात्र साधी आहे आणि डबा तिसऱ्या वर्गाचा.

समोरच्या बाकावर अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे. मांडीवर व्हायोलिनची पेटी आणि तिच्यावर दोन्ही हात. सामान वरच्या फळीवर टाकलं आहे, पेटी टाकलेली नाही. तो गोव्याहून निघाला आहे. मुरगावहून घाट चढून लोंढा, तिथून बेळगाव, मिरज, मग पुणे. पुण्यापर्यंतचे रूळ अरुंद, मीटरगेजचे. पुण्यात उतरून त्यानं रुंद रुळांवरची ही गाडी धरली. मुंबईत धोबी तलावला त्याच्या गावची कूड आहे. गावातून आलेल्या माणसाला तिथं खाट मिळते, आणि चार दिवसांत कोण कुठल्या हॉटेलात वाजवतो तेही कळतं.

फलाटावरचा पोरगा गूळ-शेंगदाण्याची चिक्की विकत फिरतो आहे. दोन तुकडे घ्या, एक समोर धरा. ओळख व्हायला तेवढं पुरतं.

"कुणाकडे शिकलास?" तुम्ही विचारता.

"आमच्या चर्चच्या शाळेत."

"मग सूर ऐकून सगळं वाजवता येत असेल."

तो हसतो. "ऐकून तर सगळेच वाजवतात. आमी कागद बघून वाजवतो."

तो पिशवीतून वही काढतो. पाच-पाच रेघांच्या ओळी आणि त्यांवर शाईचे ठिपके. गोव्यात गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांत पोरांना दो-रे-मी आणि व्हायोलिन एकदमच शिकवतात. मासच्या वेळी कोण आजारी पडेल सांगता येत नाही. ज्याला कागद वाचता येतो तो कुणाच्याही जागी उभा राहतो. त्याला हे काही विशेष वाटत नाही. पण मुंबईत या एका कसबावर पुढची चाळीस वर्षं उभी राहणार आहेत. सकाळी समोर ठेवलेला, आयुष्यात कधी न पाहिलेला कागद दुपारच्या आत बिनचूक वाजवून घरी जायचं, हा धंदा ज्यांना जमला त्यांनाच पुढं सेशन म्युझिशियन म्हणू लागले.

गाडी हलते. मागं वळवणचं तळं राहिलं. टाटांच्या कंपनीनं इथलं पावसाचं पाणी अडवून पाचशे मीटरहून जास्त खोल खोपोलीला सोडलं आणि 1915 पासून त्याची वीज मुंबईला जाते आहे. मुंबईत रेकॉर्डिंगचं यंत्र सुरू होईल तेव्हा त्यात मावळच्या पावसाचाही वाटा असेल. बोगद्यांमागून बोगदे जातात. मुलगा पेटीवरचे हात काढत नाही.

मुंबई, 1936 ते 1958, धावत्या गाडीतून

इथं उतरू नका, दारात उभं राहून बघत चला.

ताजमहाल हॉटेल. 1935 च्या अखेरीला लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन आला. त्याच्या पाठोपाठ ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आणि पियानोवाला टेडी वेदरफर्ड. गोव्याची पोरं या मंडळींना ऐकतात, त्यांच्याशेजारी बसून वाजवतात आणि कागदात न मावणारं शिकतात: ठोक्याच्या किंचित मागं कसं राहायचं, लिहिलेला सूर वाकवायचा कसा. हळदोण्याचा एक ट्रम्पेटवाला, आंतोनियो झेवियर वाझ, चिक चॉकलेट या नावानं शहरभर गाजतो.

मग फाळणी. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईला येतात. पाठोपाठ दारूबंदी येते आणि हॉटेलांतल्या नाचाच्या रात्री ओस पडू लागतात. वादकांनी पोट कुठं भरायचं? सिनेमाच्या स्टुडिओत. तिथं त्यांची गरजही आहे. चाली रचणारे एकाहून एक आहेत, पण पन्नास वादकांना एकाच वेळी काय वाजवायचं हे कागदावर मांडणारे थोडे आहेत. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, 1951 च्या 'अलबेला'साठी चिक चॉकलेटला सोबत घेतात. त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. सेबॅस्टियन शंकर-जयकिशनकडे अरेंजर म्हणून स्थिरावतात. तिथं तालाची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळतात आणि सुरावटीची सेबॅस्टियन.

एक क्षण 1958 मध्ये थांबा. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस शंभरावर वादकांचा ताफा घेऊन उभे आहेत. रागांवर बांधलेल्या, पाश्चात्य वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या आपल्याच रचना ते सादर करत आहेत. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. सिनेमासाठी दुसऱ्यांच्या चाली सजवणारा माणूस एका संध्याकाळी स्वतःचं संगीत वाजवून घेतो आहे. 1965 च्या सुमारास ते अमेरिकेला निघून जातील. त्यांचा शिष्य प्यारेलाल 1977 साली एका गाण्यात त्यांचं नाव घालेल. देशभर ते नाव लोकांच्या तोंडी बसेल, आणि असा कुणी खरोखरच होता हे बहुतेकांना ठाऊकच नसेल.

मुंबई, 1968

आता उतरा.

हॉलमध्ये शिरताना चपला वाजवू नका. कोपऱ्यात जिथं माइकच्या वायरी नाहीत तिथं भिंतीला पाठ लावून उभे राहा. त्या काळची रीत अशी: ट्रॅक वेगवेगळे घेऊन नंतर जोडायची सोय जवळजवळ नाही. सगळे एकदम वाजवणार, टेप एकदा फिरणार. तिसऱ्या मिनिटाला गिटारवाल्याचं बोट घसरलं तर सगळ्यांनी पहिल्यापासून. आवाज कमी-जास्त करण्याचं पहिलं साधन म्हणजे खुर्ची. ट्रम्पेट माइकपासून लांब, सतार अगदी जवळ, ड्रम भिंतीकडे. रेकॉर्डिस्ट काचेआडून खूण करतो आणि कुणीतरी खुर्ची वीतभर मागं ओढतो.

कोण कोण आहे बघून घ्या. सतारीवर रईस खान, अजून तिशीही न गाठलेले. ट्रम्पेटवर जॉन परेरा. सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, कलकत्त्याहून आलेले. गिटारवर दोघं, अनिबल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक. पियानोवर लुसिला, बासवर एडी ट्रॅव्हास, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत, बासरीवर सुमन. या यादीतली बरीच माणसं कालपरवा कुठल्या ना कुठल्या सिनेमाच्या गाण्यात वाजवून आलेली आहेत.

हे आधी मनात घ्या. दोनच वर्षांपूर्वी लंडनमध्ये कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचा सॅक्सोफोनवाला जो हॅरियट यांनी 'इंडो-जॅझ स्वीट' केलं; पाच वादक या बाजूचे, पाच त्या बाजूचे. त्याआधी 1962 साली अमेरिकेत रविशंकर आणि बड शँक एका रेकॉर्डवर भेटले. तिथं ती भेट होती आणि भेटीचं कौतुकही झालं. मुंबईत मात्र सतारवाला, तबलजी, ट्रम्पेटवाला आणि ड्रमर वर्षानुवर्षं एकाच हॉलमध्ये, एकाच शिफ्टला, एकाच किटलीतला चहा पीत आले आहेत. त्यांना एकत्र आणायचं कारणच नव्हतं. आज वेगळं एवढंच आहे की मध्ये गाणं नाही.

बाजारात बिनगाण्याच्या रेकॉर्डी तशा पुष्कळ आहेत. व्हॅन शिपलींची इलेक्ट्रिक गिटार, पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियन. पण त्यांवर बहुतेक सिनेमाचीच गाणी वाजतात, आणि ऐकणारा मनातल्या मनात शब्द भरून घेतो. या हॉलमध्ये शब्दांची ती कुबडी नाही. रागाला स्वतःच्या पायांवर चालायचं आहे आणि बाजूनं जॅझ चालणार आहे.

आता कागदांकडे बघा. दोन जातींचे आहेत. काही स्टँडांवर पाच रेघा, तर काहींच्या मांडीवर देवनागरीत सारेगम. एकच ओळ दोन लिप्यांत. पाच रेघांतही सरळपणा नाही. पियानोवर जो सूर 'सी' म्हणून वाजतो, तोच ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर 'डी' लिहावा लागतो आणि आल्टो सॅक्सच्या कागदावर 'ए'; त्या वाद्यांची घडणच तशी आहे. सतारीचा षड्ज एकदा ठरला की प्रत्येकाच्या कागदावर तो वेगळ्या नावानं उतरतो. हे सगळं आदल्या रात्री कुणीतरी हातानं उतरवलं आहे. त्या हातांना शाईचे डाग आहेत आणि सकाळी नऊला ते हातही इथंच हजर आहेत.

खरी गाठ पुढं आहे. तुम्ही राग ऐकलेला आहे, म्हणून तुम्हाला ती चटकन कळेल.

मालकंस घ्या. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. रिषभ नाही, पंचम नाही. जॅझच्या पियानोवाल्याची बोटं षड्जावर पडली की सवयीनं ग आणि प सोबत घेऊन येतात. स्वरमेळाचा पायाच तो. मालकंसात तो पंचम आला की राग तिथंच कोसळतो. मग करायचं काय? पाया हलवायचा. षड्ज सोडून मध्यमावर उभं राहिलं तर म, ध, सा हा मेळ आयता मिळतो, वर कोमल गांधारही बसतो आणि रागाबाहेरचा एकही सूर लागत नाही. तंबोरेही मालकंसाला मध्यमात लावतात. घराण्याच्या गवयाला जे ठाऊक होतं, तिथंच अरेंजर दुसऱ्या वाटेनं पोचतो.

कलावतीला अडचणच नाही. सा, ग, प, कोमल नी: जॅझवाले ज्याला सेव्हन्थ म्हणतात आणि ज्याच्या जिवावर ब्लूज जगतो, तो मेळ कलावतीच्या पोटातच आहे. धैवत वरून घातला की तो आणखी गोड होतो. शिवरंजनीत सा, कोमल ग, प, ध एकत्र वाजवा. मायनर सिक्स्थ झाली. रात्री उशिरा बँड हळू नाच वाजवत असे तेव्हा हाच रंग असायचा. भैरवात षड्जावर एक मेळ उभा राहतो आणि कोमल रिषभावर लगेच दुसरा, अगदी खेटून. एकातून दुसऱ्यात घसरलं की अंगावर काटा येतो.

तोडीत मात्र सगळे जरा गप्प होतात. तिचा गांधार कोमलाहून कोमल आणि पियानोची पट्टी जिथं आहे तिथंच आहे. सतारीची तार ओढून हवा तो गांधार काढता येतो, ट्रम्पेटवाला ओठांनी थोडा उतरवतो, गिटारवाला तार वाकवतो. पियानोला वाकता येत नाही. मियाँ मल्हारचा झुलता गांधारही त्याच्या हाती लागत नाही. अशा जागी पियानोला काय लिहायचं?

काहीच नाही. दोन मात्रा विश्रांती, मग चार, मग आठ. पाच रेघांच्या कागदावर शांततेलाही चिन्ह असतं आणि ते नेमकं मोजून लिहावं लागतं. भिंतीला टेकून उभं राहिल्यावर अरेंजरचा धंदा पहिल्यांदा तुमच्या ध्यानात येतो. वाजवायला इथं सगळेच तयार आहेत, एकाहून एक. कुणी कधी थांबायचं हे आधी ठरवलं म्हणून सतारीला बोलायला जागा मिळते. जॅझ आणि राग यांचं पटतं की नाही यावर पुढं पुष्कळ चर्चा होईल. इथं तो प्रश्न दर चार मात्रांना पेन्सिलनं सुटतो आहे.

तालाचंही तेच. तीनतालाच्या सोळा मात्रा म्हणजे ड्रमरचे चार-चारचे चार बार; हिशोब जुळतो, वजन जुळत नाही. तबलजीचा जीव समेवर. नवव्या मात्रेला खाली, तिथं डग्गा हलका होतो. जॅझचा ड्रमर पहिला ठोका जवळजवळ सोडून देतो आणि दुसऱ्या-चौथ्यावर झटका देतो. दोघांनी आपापलं खरं केलं तर गोंधळ. म्हणून एक जण झांजेवर कुजबुजतो तेव्हा दुसरा बोल मोकळे करतो, आणि सम आली की दोघंही एकत्र पडतात. डोळ्यांनी एकमेकांना धरून ठेवलेलं असतं.

आणि घड्याळ. लाँग प्लेच्या एका बाजूला साधारण वीस मिनिटं. मैफलीत ज्या रागाला तासभर लागतो, त्याला इथं सिनेमाच्या गाण्याएवढा वेळ. आलाप दोन श्वासांचा. मुखडा, त्यावर सॅक्सोफोनचं उत्तर, सतारीची तान, ट्रम्पेटची उडी, पुन्हा मुखडा. शास्त्रीय श्रोता म्हणेल, राग उघडलाच नाही. जॅझचा श्रोता म्हणेल, सोलो संपला की सुरू होताच तुटला? दोघांचंही खरं आहे. पण तीन मिनिटांत गोष्ट सांगून मोकळं व्हायचं ही या माणसांची वीस वर्षांची सवय आहे. तेवढ्या जागेत रागाचा चेहरा ओळखू येईल इतपत तरी नक्की उभा राहिला पाहिजे, ही पैज त्यांनी लावली आहे.

दार बंद होतं. लाल दिवा लागतो. "शांतता," कुणीतरी म्हणतं. तुम्ही श्वास धरता.

पहिला टेक मध्येच थांबतो. दुसरा शेवटपर्यंत जातो, पण काचेआडून मान हलते. तिसऱ्यात सतारीला जे सुचतं ते कागदावर कुठंच नव्हतं, आणि सॅक्सोफोन त्याच वळणानं उत्तर देतो. तेही कागदावर नव्हतं. शेवटचा सूर विझेपर्यंत कुणी हलत नाही, लेस्ली गोदिन्हो झांज बोटांनी धरतात, आणि दिवा मालवतो. कागद गोळा होतात. पुढच्या रागाचे वाटले जातात. कुणी टाळ्या वाजवत नाही; वेळ नसतो.

लोणावळा, 1969

टेप कलकत्त्याला गेली, दमदमच्या कारखान्यात तिच्या तबकड्या झाल्या, दुकानांत आल्या. तुम्ही परत घाट चढला आहात. कर्जतहून मागं जोडलेल्या इंजिनांनी गाडी ढकलत वर आणली आणि लोणावळ्याला ती सुटी झाली. पाऊस तोच. मुंबईच्या एका शेटजींच्या बंगल्यात रेडिओग्राम आहे आणि सुट्टीला आलेल्या पोरांनी नवी रेकॉर्ड लावली आहे. बंगल्याचा माळी पडवीत ताडपत्री झाडतो आहे. मियाँ मल्हार सुरू होतो तसा तो मान वर करतो. "हे काय वाजतंय?" तो विचारतो. पोरं कव्हर दाखवतात. त्याला वाचायचं नसतं, त्याला कुणीतरी सांगायला हवं असतं. पोरांनाही सांगता येत नाही.

कव्हर हातात घ्या आणि उलटं करा. त्या काळात हिंदी गाण्यांच्या रेकॉर्डवर संगीतकार, गीतकार, गायक, सिनेमा एवढं छापलं की काम झालं. गाण्यातली बासरी, गाण्यातला सॅक्सोफोन कुणाचा, हे विचारायची पद्धत नव्हती. या कव्हरवर वादकांची नावं वाद्यांसकट आहेत. ट्रम्पेट कुणाचा, बास कुणाचा, तबला कुणाचा. पैसे देणाऱ्या कंपनीचं बोधचिन्ह पुढं ठळक आहेच, पण इथं वाजवणारेही कागदावर आले आहेत. त्यातही सगळे नाहीत. पार्ट उतरवणारा हात, खुर्च्या सरकवणारा पोरगा, काचेआडची मान: त्यांच्यासाठी अजून ओळ नाही.

माळ्याला वाचून दाखवा. सगळी नावं, सावकाश.

लोणावळा, आज

परत येताना मधली वर्षं भराभर जातात. 1970 मध्ये सॅक्सोफोनवाल्या ब्राझ गोन्साल्विसची 'राग रॉक' ही रेकॉर्ड येते. 1971 मध्ये जयकिशन जातात. मनोहारी सिंग राहुलदेव बर्मन यांच्याकडे वर्षानुवर्षं वाजवत राहतात. 1978 साली मुंबईत जॅझ यात्रा सुरू होते आणि जगभरचे वादक येतात. मग सिंथेसायझर येतो. ज्या हॉलमध्ये पन्नास खुर्च्या लागत, तिथं एक लागते, आणि कागद वाचणारी माणसं गोव्याला परततात किंवा शिकवण्या घेतात. 'राग-जॅझ स्टाइल' मात्र पुन्हा निघते. परदेशांतले संग्राहक तिच्या जुन्या प्रती शोधत फिरतात.

फोन चालू करा. रेकॉर्ड तिथंही मिळते. चौकोनी चित्र, खाली शंकर-जयकिशन, बहुतेक वेळा रईस खान, आणि तीन टिंबं. टिंबांवर बोट ठेवून बघा; फार तर संगीतकाराचं नाव पुन्हा येईल. फोनवरच्या कव्हरला मागची बाजूच नसते. कार्ल्याच्या खांबांवर जो हिशोब होता तोच परत आला आहे. मधल्या काळात काही माणसांनी पुठ्ठ्याच्या एका बाजूवर तो थोडासा दुरुस्त केला होता, एवढंच.

ती दुरुस्ती आता तुमच्याकडे आहे. लोणावळ्याहून घरी जाताना शेजारी कुणी बसलं आणि तुमच्या इअरफोनचं एक टोक त्यानं मागितलं, तर मालकंस लावा. पायाकडे कान द्यायला सांगा. तो जाडा, खालचा, पुढं पुढं चालणारा आवाज कुणाचा असं त्यानं विचारलं, तर उत्तर एका दमात द्या: एडी ट्रॅव्हास, बास.